आतलं चाक रिकामं फिरतं तेव्हा

ट्रॅक-डेला गाडी नेणाऱ्या वाचकांकडून लिमिटेड स्लिप डिफरन्शिअलबद्दल, म्हणजेच एलएसडीबद्दल, बरेच प्रश्न साठले होते. डिफरन्शिअल, थोडक्यात डिफ, म्हणजे इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारी आणि वळणात त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना. एलएसडी म्हणजे एकच चाक रिकामं फिरू न देणारा डिफ. ते या अंकात एकत्र घेतले आहेत. उत्तरांतले आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. तुमच्या गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर मॅन्युअलचाच धरा.

माझ्याकडे २००२ सालची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे. वर्षातून तीन-चार वेळा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर नेतो. दुसऱ्या गिअरच्या वळणातून बाहेर पडताना पुढचं आतलं चाक धूर काढतं आणि गाडी बाहेर सरकत जाते. गॅरेजवाले म्हणतात एलएसडी टाका. कोणता घ्यावा?
*– वाचक, पिंपरी-चिंचवड*

गॅरेजवाल्यांचं बरोबर असेलही, पण खिशात हात घालण्याआधी गाडीखाली शिरून दोन गोष्टी पाहा. पुढचा अँटी-रोल बार कुणी जाडा बसवलाय का? गाडी कमी कलावी म्हणून पुष्कळ जण तो बसवतात. वळणात तोच बार आतलं चाक वर उचलून धरतो. पुढून चालणाऱ्या गाडीत पुढचा बार मूळचाच ठेवावा आणि मागचा कडक करावा. मागचं आतलं चाक जमिनीवरून सुटलं तरी बिघडत नाही, ते काही गाडी ओढत नाही. दुसरी गोष्ट स्प्रिंगची. गाडी खाली बसवताना आखूड स्प्रिंग टाकल्या असतील, तर चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही. जॅकवर बॉडी उचला आणि उभ्या स्थितीपासून पूर्ण लोंबेपर्यंत चाक किती खाली येतं ते मोजा. ४० मिमीपेक्षा कमी भरलं, तर आधी शॉकअबचं बघा.

एवढं करूनही चाक फिरतच असेल, तर एलएसडीचं काम खरंच आहे. साध्या डिफचा स्वभाव असा की तो दोन्ही चाकांना टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, सारखाच देतो. वळणात आतल्या चाकावरचं वजन उतरलं आणि ते जेमतेम ३०० न्यूटन मीटर पेलत असेल, तर बाहेरच्या चाकालाही ३०० च मिळतात, मग तिथल्या टायरची पकड कितीही शिल्लक असो. एकूण झाले ६००. तुमचं इंजिन दुसऱ्या गिअरमध्ये चाकांपर्यंत साधारण हजार पोचवतं, म्हणजे वरचे चारशे धुरात जातात. २.५ बायस रेशोचा हेलिकल डिफ (तिरक्या दातांच्या गिअरच्या घर्षणावर चालणारा एलएसडी) असेल तर बाहेरच्या चाकाला आतल्याच्या अडीचपट, म्हणजे ७५० पर्यंत मिळू शकतात. बेरीज १,०५०. तुमचा हजार त्यात बसतो.

काही कंपन्या बायस रेशो छापतात, काही लॉकचे टक्के. टक्के म्हणजे दोन चाकांच्या टॉर्कमधला फरक भागिले त्यांची बेरीज. त्या हिशेबाने २५ टक्के म्हणजे १.६७, ४० टक्के म्हणजे २.३३ आणि ६० टक्के म्हणजे ४. विकणारा नुसता ‘६० टक्के, एकदम टाइट’ म्हणाला, तर तो चौपटीबद्दल बोलतोय हे ध्यानात ठेवा. पुढच्या चाकांना एवढं लागत नाही.

तुमच्यासाठी आमचं मत स्पष्ट आहे: हेलिकल. त्यात घासून संपणाऱ्या प्लेटा नाहीत, गिअरबॉक्सचं मूळचं ऑइल चालतं आणि स्टिअरिंग फार ओढत नाही. त्याची खोड एकच. चाक पूर्ण हवेत गेलं की तिथला टॉर्क शून्य, आणि शून्याची अडीचपट शून्यच. उंच कर्बवर आतलं चाक चढवायची सवय असेल तर ती मोडा. नाहीतर त्या क्षणी डाव्या पायाने ब्रेक हलकासा दाबा. हवेतल्या चाकाला ब्रेकचा विरोध मिळाला की डिफला गुणायला काहीतरी हाती लागतं.

मागवताना ‘सिटीचा डिफ द्या’ एवढंच सांगू नका. गिअरबॉक्सच्या केसिंगवर कोरलेला कोड, ड्राइव्हशाफ्टच्या (डिफपासून चाकापर्यंतच्या दांड्याच्या) आतल्या टोकाच्या स्प्लाइन (उभ्या खाचा) किती, डिफ बेअरिंगचं आतलं माप आणि क्राउन व्हीलचे (डिफला फिरवणाऱ्या मोठ्या गिअरचे) बोल्ट किती, या चार गोष्टी लिहून पाठवा. बसवताना हमखास होणारी चूक म्हणजे क्राउन व्हीलचे बोल्ट नेहमीच्या दिशेने फिरवणं. होंडात त्यांना उलटे आटे असतात. सोडवतोय असं समजून माणूस ते आणखी आवळतो आणि डोकं तुटतं. परत बसवताना समोरासमोरचे बोल्ट घेत दोन टप्प्यांत १०१ न्यूटन मीटरपर्यंत आवळा. केसिंग जोडून झाल्यावर बेअरिंगची बाहेरची रिंग आणि ८० मिमीची शिम (फट भरायची चकती) यांच्यातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) तपासा. ती ० ते ०.१० मिमी हवी, जास्त असेल तर जाड शिम घाला. गिअरबॉक्स उतरलाच आहे, तर बेअरिंग, दोन्ही ऑइल सील आणि ड्राइव्हशाफ्टचे सर्कलिप नवेच टाका. त्यात वाचवलेल्या पैशांपायी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो.

सेकंडहँड मिळालेला प्लेटचा एलएसडी पोलोत बसवला. विकणाऱ्याने १.५-वे आहे असं सांगितलं होतं. आता पार्किंगमध्ये वळवताना कट-कट आवाज येतो, स्टिअरिंग सोडलं की आपोआप सरळ होत नाही, ट्रॅकवर वळणाच्या मध्यावर गाडी सरळच जायला बघते. बेंचवर प्रीलोड (प्लेटांवरच्या कायमच्या दाबाचा विरोध) मोजला, १४० न्यूटन मीटर आला. हे जास्त आहे का? कमी कसा करायचा?
*– वाचक, कोल्हापूर*

जास्त आहे, बराच जास्त. रस्त्याच्या किंवा सेमी-स्लिक टायरवर धावणाऱ्या, पुढून चालणाऱ्या गाडीत आम्ही ४० ते ६० पासून सुरुवात करतो. १४० मागून चालणाऱ्या, भरपूर टॉर्कच्या गाडीलाच शोभतो.

आधी आतलं काम समजून घ्या, म्हणजे कुठे हात घालायचा ते कळेल. केसमध्ये मधोमध स्टार गिअरची (डिफच्या आतल्या छोट्या गिअरची) क्रॉस पिन असते. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रेशर रिंग आणि रिंगच्या बाहेर प्लेटांची चळत. काही प्लेटांचे बाहेरचे कान केसमध्ये अडकतात, काहींच्या आतल्या स्प्लाइन सन गिअरवर (ड्राइव्हशाफ्ट ज्यात बसतो त्या गिअरवर) बसतात, आणि त्या एकाआड एक रचलेल्या असतात. अॅक्सिलरेटर दाबला की क्रॉस पिन प्रेशर रिंगच्या उतारांवर दाबते, रिंगा बाहेर सरकतात आणि प्लेटा आवळतात. हे टॉर्कच्या प्रमाणात होतं. प्रीलोड मात्र वॉशर-स्प्रिंगमुळे किंवा चळतीच्या जाडीमुळे सतत असतो, गाडी उभी असतानाही. तुमचे पार्किंगचे आणि वळणाच्या मध्यावरचे त्रास त्यातलेच आहेत, कारण त्या वेळी इंजिन जवळपास काहीच ओढत नसतं.

उताराचा कोन लॉक किती हे ठरवतो. कोन अक्षाला काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजला आणि ४५ अंशाचा दाब १ धरला, तर ३० अंशाला तो १.७३ होतो, ६० ला ०.५८ आणि ८० ला ०.१८. म्हणजे आकडा लहान तितकी पकड जास्त. सगळ्या कंपन्या कोन एकाच रेषेपासून मोजत नाहीत, तेव्हा दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करू नका. १-वे म्हणजे फक्त अॅक्सिलरेटरवर लॉक, २-वे म्हणजे अॅक्सिलरेटर सोडल्यावरही तेवढाच, आणि १.५-वे म्हणजे सोडल्यावर कमी. पुढून चालणाऱ्या गाडीला १-वे किंवा सौम्य १.५-वे पुरतो.

आता काम. डिफ काढल्यावर केसच्या दोन्ही अर्ध्या भागांवर सेंटर पंचने खूण करा. प्लेटा ज्या क्रमाने निघतात त्याच क्रमाने तारेत ओवा आणि दोन तारांना ‘डावी’ आणि ‘उजवी’ अशा चिठ्ठ्या बांधा. डिझेलमध्ये धुऊन प्रत्येक प्लेट मायक्रोमीटरने तीन जागी मोजा. निळी पडलेली प्लेट जळलेली आहे, ती बाजूला. उरलेल्या एकेक करून जाड काचेवर ठेवा. कडेखाली ०.१ मिमीचं फीलर शिरलं तर प्लेट वाकलेली आहे, तीही बाजूला. सेकंडहँड डिफमध्ये या दोन चाचण्यांतच निम्मं दुखणं सापडतं.

प्रीलोड कमी करायचा तर चळतीतल्या एखाद्या प्लेटच्या जागी तेवढीच पातळ प्लेट घाला. शिमच्या प्लेटा बहुधा ०.१ मिमीच्या फरकाने मिळतात. डावीकडे ०.१ कमी केलं तर उजवीकडेही तेवढंच. एकाच बाजूने काढलंत तर प्रेशर रिंगा मधोमध राहत नाहीत, एका बाजूचे सन आणि स्टार गिअर घट्ट मिळतात, दुसऱ्या बाजूचे सैल राहतात आणि दात खाल्ले जातात. वॉशर-स्प्रिंग असतील तर त्यांची दिशा काढण्याआधीच कागदावर काढून ठेवा. पाठीला पाठ लावलेली जोडी आणि एकाच दिशेने एकावर एक ठेवलेली जोडी यांचा दाब खूप वेगळा पडतो. तुमचे १४० अशाच उलट्या रचनेतून आलेले असू शकतात, तेव्हा प्लेटा मागवण्याआधी ते तपासा.

जोडण्याआधी प्लेटा रात्रभर ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरड्या प्लेटांवर मोजलेला प्रीलोड खोटा असतो. मोजायला साधं हत्यार पुरतं: भंगारातल्या दोन ड्राइव्हशाफ्टची आतली टोकं विताएवढी कापा आणि एकावर मोठा नट वेल्ड करा. बिननटाचं टोक व्हाइसमध्ये उभं पकडा, त्यावर डिफ बसवा, वरून नटाचं टोक घाला आणि त्यावर टॉर्क रेंच लावा. क्लिक करणारा रेंच इथे उपयोगाचा नाही, काटा असलेला हवा. आधी वीस-तीस फेरे फिरवून प्लेटा बसू द्या, मग हळू आणि सारख्या वेगाने फिरवताना काटा जिथे स्थिर राहतो तो आकडा घ्या. सुरुवातीच्या झटक्याचा आकडा वेगळा लिहून ठेवा, तो नेहमी थोडा जास्त असतो. तीन वेळा मोजून सरासरी काढा. तीन आकड्यांत दहापेक्षा जास्त फरक पडला, तर कुठली तरी प्लेट वाकडी राहून गेली आहे.

प्रीलोड ५० वर आला आणि तरी लॉक जास्त वाटला, तर घासणाऱ्या बाजू कमी करा. एकाच जातीच्या दोन प्लेटा शेजारी-शेजारी ठेवल्या की त्यांच्यात घर्षण उरत नाही, कारण दोघी एकत्रच फिरतात. बाराच्या आठ बाजू केल्या तर उताराचा लॉक दोन तृतीयांशावर येतो. नवा भाग काहीच लागत नाही आणि मन बदललं तर परत पूर्ववत करता येतं.

शेवटी एक तपासणी, जी बहुतेक जण विसरतात. प्रेशर रिंगा उलट बसल्या तर सौम्य उतार अॅक्सिलरेटरच्या बाजूला येतो आणि तीव्र उतार सोडण्याच्या बाजूला. मग गाडी पाय उचलताच आवळते आणि दाबल्यावर चाक फिरवते, म्हणजे तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलट. क्राउन व्हील कोणत्या दिशेने फिरते ते डोळ्यांसमोर आणा, केस बोटांनी त्याच दिशेने फिरवा आणि क्रॉस पिन कोणत्या उतारावर टेकते ते पाहा. केस बंद करण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पोलोबाबत आणखी एक. फोक्सवॅगनच्या पुष्कळ गिअरबॉक्सांत क्राउन व्हील रिव्हेटने जोडलेली असते. रिव्हेट ड्रिल करून काढून बोल्ट लावावे लागतात. ड्रिलचा चुरा क्राउन व्हीलच्या दातांत किंवा बेअरिंगमध्ये राहिला तर नवं बेअरिंगही फार टिकत नाही. ड्रिलिंग गिअरबॉक्सपासून दूर, दुसऱ्या टेबलावर करा. त्यातली डिफ बेअरिंग टेपर्ड असतात, त्यामुळे नव्या डिफच्या मापानुसार शिमने त्यांचा प्रीलोड पुन्हा बसवणं टाळता येत नाही.

इंग्लंडमध्ये राहतो. १९९० सालची माझदा एमएक्स-५ १.६ ट्रॅकसाठी तयार करतोय, मागे साधा डिफ आहे. नंतरच्या १.८ मधला टॉर्सन डिफ घ्यावा की प्लेटचा? टायर रस्त्याचेच आहेत.
*– वाचक, मिल्टन कीन्स*

टॉर्सन, म्हणजे हेलिकलसारखाच गिअरवर चालणारा एलएसडी. रस्त्याच्या टायरवर १.६ च्या ताकदीला प्लेटचा डिफ म्हणजे दर काही ट्रॅक-डेंनंतर उघडायचं काम ओढवून घेणं. तुमच्याकडचे ट्रॅक पावसात भिजलेले असणार, तिथे टॉर्सनचा हलका हात जास्त कामाचा. जुन्या १.६ मध्ये काही वेळा व्हिस्कस एलएसडी मिळतो, तो स्वस्तात मिळाला तरी सोडून द्या. त्यातला द्रव वयाबरोबर ढिला पडतो आणि तो उघडून दुरुस्त करता येत नाही.

एक अडचण आधीच लक्षात घ्या. १.६ ची क्राउन व्हील ६ इंची आणि १.८ ची ७ इंची, म्हणून टॉर्सनचा गाभा तुमच्या जुन्या हाउसिंगमध्ये बसणार नाही. १.८ चा संपूर्ण डिफ, त्याचे दोन्ही अर्धे अॅक्सल आणि प्रॉपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या डिफपर्यंतचा दांडा) असा अख्खा संच घ्या. हब तुमचेच चालतात. १.८ चा रेशो ४.१ आणि तुमचा ४.३, म्हणून स्पीडोमीटर सुमारे ५ टक्के कमी दाखवेल.

जुना डिफ विकत घेण्याआधी दोन्ही मागची चाकं उचला, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि एक चाक हाताने फिरवा. दुसरं उलट फिरलं तर डिफ साधा आहे. त्याच दिशेने फिरलं तर एलएसडी आहे, पण टॉर्सन की व्हिस्कस हे एवढ्यावरून कळत नाही. डिफ सुटा असेल तर एका बाजूचा स्टब काढून टॉर्चने आत पाहा. साध्या डिफमध्ये आडवी पिन आणि स्टार गिअर दिसतात, टॉर्सनमध्ये दिसत नाहीत.

हाउसिंग न उघडता जसाच्या तसा बसवता आला, तर तसाच बसवा. क्राउन आणि तिला फिरवणाऱ्या छोट्या गिअरची, म्हणजे पिनियनची, जोडी कारखान्यात एकमेकांशी जुळवलेली असते, ती मोडू नका. बेअरिंगचा आवाज आला म्हणून उघडावाच लागला, तर क्राउन व्हीलचा प्ले (दातांमधली मोकळीक) डायल गेजने चार जागी मोजा. तो ०.०९ ते ०.११ मिमी हवा. एखाद्याच जागी वेगळा आला तर क्राउन व्हीलच्या बसायच्या जागेवर कचरा आहे, शिमशी खेळत बसू नका. पिनियनचा चेपणारा कॉलर एकदाच वापरायचा असतो. नट आवळताना पिनियनचा फिरता टॉर्क ठरलेल्या आकड्यापुढे गेला, तर नट सैल करून भागत नाही, नवा कॉलरच लागतो.

परत बसवताना डिफ आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या अॅल्युमिनियमच्या लांब चौकटीची उंची मॅन्युअलप्रमाणे मोजून घ्या. ती चुकली की ठरावीक वेगाला कंप येतो, आणि लोक महिनाभर प्रॉपशाफ्ट बॅलन्स करत बसतात. ऑइल सुमारे १ लिटर, ७५डब्ल्यू-९० जीएल-५ (गिअर ऑइलचा एक दर्जा), भरायच्या भोकातून ठिबकेपर्यंत. काढताना आधी वरचा, भरायचा बोल्ट सोडवा आणि मगच खालचा. वरचा अडकून बसला आणि खालून ऑइल काढून टाकलेलं असलं, तर गाडी तिथेच उभी.

बीएमडब्ल्यू ई९० ३२५आय मध्ये ४५/४५ चा (दोन्ही बाजूंचे उतार ४५ अंशांचे) २-वे प्लेट डिफ बसवून घेतला. चेन्नईच्या ट्रॅकवर ब्रेक सोडून वळताना गाडी वळतच नाही. बाहेर पडताना मात्र पकड उत्तम. मागचे टायर बदलू की डिफ?
*– वाचक, बंगळुरू*

टायर बदलू नका, पण त्यांचा घेर मात्र मोजा. दोन्ही मागच्या टायरना समान हवा भरून मधोमध टेप गुंडाळा. फरक ५ मिमीपेक्षा जास्त असेल, तर डिफ सरळ रस्त्यावरही सतत घासत असतो, प्लेटा तापतात आणि गाडी एका बाजूला ओढते. नवा एक आणि जुना एक अशी जोडी प्लेटच्या डिफला कधीच घालू नये.

टायर ठीक असतील तर त्रास कोणत्या टप्प्यात होतो त्यावरून डिफचा कोणता भाग बोलतोय ते कळतं. ब्रेक किंवा अॅक्सिलरेटर सोडताना गाडी सरळ जाते, तर सोडण्याच्या बाजूचा लॉक जास्त आहे. वळणाच्या मध्यावर, पाय जेमतेम अॅक्सिलरेटरवर असताना सरळ जाते, तर प्रीलोड जास्त. बाहेर पडताना दोन्ही मागची चाकं एकदम सुटून शेपूट फिरते, तर अॅक्सिलरेटरच्या बाजूचा लॉक जास्त. बाहेर पडताना आतलं एकच चाक सुटतं, तर तोच लॉक कमी.

तुमचं वर्णन पहिल्या प्रकारातलं आहे. प्रेशर रिंगा बदलून सोडण्याच्या बाजूला ६० किंवा ८० अंश घ्या आणि अॅक्सिलरेटरची बाजू तशीच ४५ वर ठेवा. घासणाऱ्या बाजू कमी करू नका, त्याने तुम्हाला आवडलेली बाहेर पडतानाची पकडही जाईल. सोडण्याच्या बाजूचा लॉक पूर्णही काढू नका. जोरात ब्रेक मारताना मागची बाजू स्थिर राहते त्यात त्याचा वाटा असतो. एका वेळी एकच बदल करा, आणि त्या दिवशी टायरची हवा व डँपरला हात लावू नका. नाहीतर फरक कशामुळे पडला हे कुणालाच सांगता येणार नाही.

हाउसिंग उघडायच्या आधी मेकॅनिकला एक विचारून ठेवा. ई९० च्या बऱ्याच डिफमध्ये क्राउन व्हील बोल्टने नव्हे, वेल्डने जोडलेली असते. तुमचा एलएसडी बसवताना वेल्ड मशीनवर उतरवला होता की बोल्टची क्राउन व्हील वेगळी आणली होती, यावर पुढचा सगळा खर्च अवलंबून आहे.

स्विफ्टच्या गिअरबॉक्समध्ये एलएसडी टाकल्यावर ‘एलएसडीला हेच लागतं’ म्हणून जीएल-५ ऑइल भरलं. आता दुसरा गिअर खरखरतो. गिअरबॉक्स गेला का?
*– वाचक, मडगाव*

बहुधा गेलेला नाही. पुढून चालणाऱ्या गाडीत डिफ आणि गिअरबॉक्स एकाच ऑइलात पोहतात. सिंक्रोनायझरच्या रिंगला गिअर जुळवायला घर्षण लागतं आणि जीएल-५ तिला फार निसरडं पडतं. शिवाय काही जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची रसायनं पितळेला कालांतराने खातात. हेलिकल डिफ असेल तर कंपनीने सांगितलेलं मूळचं ऑइल परत भरा, एकदा भरून १०० किमी चालवून काढा आणि दुसऱ्यांदा भरा. प्लेटचा असेल तर गिअरबॉक्स आणि प्लेट दोन्हीसाठी बनवलेलं ऑइलच घ्या. मागच्या स्वतंत्र हाउसिंगमध्ये मात्र जीएल-५ च हवं.

प्लेटचा डिफ नवा असेल तर तो बसवून थेट ट्रॅकवर नेऊ नका. गाडी वीस मिनिटं चालवून ऑइल गरम करा. मग मोकळ्या मैदानात १५ किमीच्या वेगाने इंग्रजी आठच्या आकारात पंधरा-वीस चकरा मारा, थंड होऊ द्या आणि पुन्हा तेवढ्याच मारा. त्यानंतर ऑइल काढा. ते करडं आणि चमचमणारं निघेल, तो प्लेटांचा पहिला घास आहे, घाबरू नका. दुसऱ्या वेळीही तसंच निघालं आणि बोटांना कण लागले, तर मात्र उघडून पाहा. पुढे दर दोन-तीन ट्रॅक-डेंनंतर ऑइल बदला. हाउसिंगवर तापमान दाखवणारी चिकटपट्टी लावून ठेवा. ती १४० अंशांच्या पुढे गेलेली दिसली, तर ते ऑइल त्याच दिवशी बदला.

जिप्सीचा मागचा डिफ वेल्ड करून घेतला तर एलएसडीचे पैसे वाचतील का?
*– वाचक, सातारा*

मातीच्या ऑटोक्रॉसला चालेल, कारण तिथे टायर सरकून ताण सोडतात. डांबरी ट्रॅकवर नको. प्रत्येक वळणात दोन्ही चाकं सारख्याच वेगाने फिरतात, गाडी नाकाने सरळ जाते आणि न सरकणारा ताण अॅक्सलवर येतो. स्टार गिअर कडक पोलादाचे असतात. ते आधी न तापवता वेल्ड केले तर टाका तडकतो, आणि त्याचा तुकडा क्राउन-पिनियनमध्ये गेला की हाउसिंगसकट सगळं जातं. वेल्ड केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर, विशेषतः घाटात पावसाच्या दिवसांत, मुळीच चालवू नका.

नव्या गाड्यांत ‘ब्रेक एलएसडी’ किंवा ‘इलेक्ट्रॉनिक डिफरन्शिअल लॉक’ येतो. मग यांत्रिक एलएसडी कशाला हवा?
*– वाचक, नागपूर*

नावं सारखी असली तरी वस्तू दोन आहेत. जिम्नीतला ब्रेक एलएसडी फिरणाऱ्या चाकाचा ब्रेक आवळतो आणि साध्या डिफला फसवतो. चिखलात अडकलेली गाडी बाहेर काढायला तो उत्तम. ट्रॅकवर मात्र तो प्रत्येक वळणात आतल्या चाकाचे पॅड तापवतो, आणि वीस मिनिटांच्या सत्रात पॅड आणि ताकद दोन्ही वाया जातात. आपल्याकडे २०२० मध्ये फक्त २०० गाड्या आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस २४५ मधला मात्र खरा क्लच आहे, इलेक्ट्रॉनिक्स फक्त तो किती आवळायचा ते ठरवतं.

ब्रेकवाली व्यवस्था असलेल्या गाडीत यांत्रिक एलएसडी बसवला, तर पहिल्या सत्राला स्थिरता नियंत्रण पूर्ण बंद करून जा. सत्र संपल्यावर पुढच्या दोन्ही डिस्कचं तापमान इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजा. डाव्या-उजव्यात ६०-७० अंशांचा फरक दिसला, तर बटण दाबूनही ती व्यवस्था मागून ब्रेक मारतेच आहे. मग ती डायग्नोस्टिक मशीनवरून बंद करून घ्यावी लागेल.